पाच फूट पाच

“पण बाबा, खोटं बोलायचंच न्हाई. नुसतं गप्प बसायचं. मग त्यात पाप कसलं?”

जोतिराम हे तिसऱ्यांदा विचारत होता. टेकडीवरच्या दर्ग्यात राहणारे कादरबाबा ओसरीवर बसून आपली फाटकी कफनी शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ओसरीची फरशी जोतिरामनं आणि त्याच्या धाकट्या भावानं, बिरूनं, सहा वर्षांपूर्वी बसवली होती. एक रुपया न घेता. तेव्हापासून जोतिराम दर गुरुवारी यायचा, बाबांना गुरू म्हणायचा आणि जाताना बाबांपेक्षा फरशीकडेच जास्त वेळ बघायचा. आपल्या हाताचा त्याला फार अभिमान. असावाही. त्या फरशीवर पाणी ओतलं तर एक थेंब साचत नाही.

बिरू गेल्या वर्षी ट्रकखाली गेला.

“कोर्टात काय विचारणार तुला?” बाबांनी विचारलं.

“बिरू महिन्याला किती कमवत होता, एवढंच. त्याच्यावर त्याच्या बायकोची भरपाई ठरणार. सुवर्णा हाय, दोन पोरी हायत.”

“मग सांग.”

“तिथंच तर अडलंय.”

अडलं होतं ते असं. दोघा भावांना फरशीच्या कामाचे पैसे रोख मिळायचे. काम संपलं की टेप लावून फूट मोजायचे, मापवहीत लिहायचे आणि आलेल्या नोटा त्याच नव्या फरशीवर बसून निम्म्या-निम्म्या करायच्या. हात धुवायच्या आधी. मग वहीत दोघांच्या सह्या. ही बापाची रीत होती आणि दोघांनी ती कधी मोडली नाही.

आयकराचं रिटर्न भरायला मात्र जोतिराम एकटा तालुक्याला जायचा. दोघांचंही उत्पन्न महिना अठरा हजार लावून यायचा. कर लागू नये इतकंच. बिरूनं एकदा विचारलं होतं, “दादा, एवढं कमी कसं?” जोतिराम म्हणाला होता, “तुला काय कळतंय त्यातलं? सही कर.” बिरूनं केली.

खरे प्रत्येकाला पंचेचाळीस हजार पडायचे.

“आता विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढं करणार,” जोतिराम म्हणाला. “अठरा हजाराचा माणूस म्हणून बिरूची भरपाई लावणार.”

“आणि तुझी वही?”

वही त्याच्या पिशवीत होती. पिशवी त्यानं मांडीखाली दाबून ठेवली होती.

“वही दाखवली तर बिरूचे पंचेचाळीस कोर्ट मानंल, असं सुवर्णाचा वकील म्हंतो. अशी वही असली तर बघा, म्हंतो. पण बाबा, निम्मं-निम्मं लिवलंय त्यात. बिरूचे पंचेचाळीस म्हंजे माझेबी पंचेचाळीस. इतक्या वर्षांचा कर, वर व्याज, वर दंड. टेम्पो जाईल माझा. प्लॉट जाईल.”

“वही आहे हे सुवर्णाला माहीत आहे?”

“न्हाई. ती म्हंते, भावजी सांगतील तेच खरं.”

हे सांगताना त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून सुवर्णाचाच राग येत होता. तिनं निदान संशय तरी घ्यायचा होता.

“मी पोरींना वाऱ्यावर सोडणार न्हाई, बाबा. दर महिन्याला देत जाईन काहीतरी.”

“रोख?” बाबांनी विचारलं.

जोतिरामनं पिशवी मांडीखाली आणखी आत सारली.

बाबांनी दोरा दातानं तोडला, सुई गळपट्टीत खोवली.

“टेप आहे?”

टेप त्याच्या कमरेला असायचीच. लग्नाला गेला तरी असायची.

बाबा ओसरीवर आडवे झाले. डोकं उत्तरेला केलं, पाय जुळवले, हात अंगाबरोबर ठेवले.

“माझ्या कबरीची जागा ठरलीय. त्या कडुनिंबाखाली. खोदणारा माप मागतोय. घे.”

“असं काय बोलता, बाबा…”

“घे.”

जोतिराम गुडघ्यावर बसला. टेपचं टोक टाचेशी धरलं आणि डोक्यापर्यंत ओढत नेलं. माप चुकलं नाही.

“पाच फूट पाच.”

“वहीत लिही.”

पिशवीतून वही काढावीच लागली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर दोन सह्या होत्या. बिरूची सही मोठ्या, सुट्या अक्षरांत, शाळेतल्या पोरासारखी. पुढची पानं कोरी होती. जोतिरामनं पेन्सिल टेकवली.

“काय लिहितोस?”

“पाच फूट पाच.”

“तसं नको. बिरूचं कागदावर लिहिलंस, तसं लिही.”

जोतिरामनं वहीतून मान वर करून बघितलं.

“पंचेचाळिसाचे अठरा. हिशेब येतो की तुला.”

येत होता. तेवढा हिशेब त्याला चालता-चालता यायचा. या वेळी मात्र वेळ लागला.

“दोन फूट दोन,” तो म्हणाला.

“लिही.”

“त्यात तुम्ही मावायचं न्हाई.”

“खोदणारा कागद बघून खोदतो. मला बघून नाही.”

“मग बाकीचं अंग कुठं ठेवायचं, बाबा?”

बाबा छताकडे बघत पडून होते.

“बिरूचं कुठं ठेवलंस?”

जोतिराम रडला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच रडला. बिरूसाठी रडतोय की टेम्पोसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. खाली एसटी स्टँडवर कुणीतरी गाडीची वेळ पुकारत होतं. बाबा उठले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं. पानावर अजून काहीच लिहिलं नव्हतं.

“सोमवारी तारीख हाय,” तो म्हणाला. “काय सांगू मी?”

आणि सवयीनं तो टेप गुंडाळायला लागला.

बाबा उठून बसले. टेपवर हात ठेवून त्यांनी ती थांबवली आणि स्वतः पडले होते तिथून बाजूला सरकले.

“टेप मला दे,” बाबा म्हणाले. “आता तू आडवा हो. अठरा तू स्वतःचेही लावलेस.”