लांबमान्याचे दात

त्या राज्यात वस्तूच राहत, वस्तूच राबत आणि थकल्या की एकमेकींना सांभाळत. राजधानी पसरत गेली, तशी एके काळी वेशीबाहेर असलेली ओतशाळा ऐन मध्यावर आली. खुजी, कौलारू, धुरानं काळवंडलेली. चहूबाजूंनी उंच इमारती उठल्या आणि तिच्या अंगणात भर दुपारीही ऊन उतरेनासं झालं.

तिथं भट्टी राहायची, आणि तिचा जन्माचा जोडीदार भाता. भाता फुंकायचा, भट्टी लोखंड वितळवायची आणि वाळूच्या साच्यात हवी ती वस्तू ओतली जायची. विहिरींच्या कप्प्या, दारांच्या बिजागऱ्या, जिन्यांचे कठडे, सगळं तिथलंच. शेजारच्या इमारतींच्या गॅलऱ्याही तिथल्याच. पण त्या हे विसरल्या होत्या. धूर वर आला की खिडक्या आपटून लावून घ्यायच्या.

ओतशाळेची एक रीत होती. आलेल्या गिऱ्हाइकाला ‘हे कशासाठी?’ म्हणून विचारायचं नाही. भट्टीच्या आईच्या वेळी एक दार जाडजूड अडसर मागायला आलं होतं. कुणी तरी सहज विचारलं, “एवढा जाड कशाला हवा रे?” दार ओशाळलं, अडसर न घेताच परत गेलं. त्याला बाहेरून कुणी तरी रोज लाथा घालत होतं, हे ते निखळून पडल्यावर कळलं. भट्टीच्या आईनं ते मरेपर्यंत मनाला लावून घेतलं. तेव्हापासून कुणालाच काही विचारलं जात नव्हतं.

मग कामं आटली. ओतीव माल कुठून तरी लांबून, तयारच येऊ लागला. भट्टीचा जीव निखाऱ्यात असतो. ती एकदा पुरती गार झाली की तिला तडे जातात, आणि पुन्हा ती पेटत नाही. म्हणून दोघांनी आधी साच्यांच्या जुन्या चौकटी जाळल्या, मग मागच्या दाराच्या फळ्या. भाता हळूहळू फुंकत राहायचा, म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

थंडीतल्या एका सकाळी लांबमान्या आला. लोखंडी अंग टेकडीएवढं, मान लांबलचक आणि तिच्या टोकाला बोळकं तोंड. दारात मावेना, म्हणून त्यानं नुसती मान आत घातली.

“आजी, दात करून द्याल का? कोळसा मी आणलाय.”

भात्याला हसू आलं. “या वयात? लग्न ठरलंय वाटतं!”

“थट्टा नका करू हो आजोबा. दात बसवल्याशिवाय कामावर येऊ नकोस, असा हुकूम झालाय.”

“बरं, चावायचंय काय, ते तरी सांग.”

“अहो,” भट्टी म्हणाली, “आपल्यात विचारत नाहीत.”

लांबमान्यानं कोळसा उतरवायला मान बाहेर काढली, तसा भाता हलक्या आवाजात म्हणाला, “अगं, एकदा विचारू या. मला काही हे बरं दिसत नाही.”

“आणि तो उठून गेला तर? माझी राख बघा जरा. आजचा दिवस निघायचा नाही.”

भात्यानं छाती भरून घेतली.

पुष्कळ दिवसांनी ओतशाळा लाल झाली. भट्टीनं जीव ओतून काम केलं. दात निघाले ते एकसारखे, बाकदार, कुठं बुडबुडा नाही की चीर नाही. लांबमान्यानं ते बसवून घेतले, तोंड उघडून-मिटून पाहिलं आणि लहान पोरासारखा हसला. उरलेल्या कोळशावर भट्टी धगधगत राहिली. आता हिवाळा निघेल, असं तिला वाटलं.

थोड्याच दिवसांत तो पुन्हा आला. या खेपेला त्यानं मान आत घातली नाही. ती कौलांच्याही वर उचलली. भोवतालच्या साऱ्या खिडक्या पहिल्यांदाच उघडल्या आणि बघू लागल्या.

“आजी,” तो खाली न बघता म्हणाला, “मला तरी कुठं माहीत होतं? मीसुद्धा विचारलं नाही.”

भाता त्याच्या तोंडाकडं बघत होता. “चांगले बसलेत गं,” तो म्हणाला.

कौलं गेली, भिंती गेल्या. भाता विटांखाली चेपला. शेवटी दात भट्टीत शिरले. तिच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्या थेंबथेंब साठून घट्ट झालेलं लोखंड होतं. त्याच्यावर खाड्‌कन आवाज झाला आणि लांबमान्यानं कळवळून मान मागं घेतली. मधला दात तुटला होता.

पलीकडच्या गल्लीतलं काम खोळंबलं होतं. तो विटांच्या ढिगावर चढला आणि खिडक्यांना विचारू लागला, “अहो, हा दात आता कोण करून देईल?”

खिडक्यांनी एकमेकींकडं पाहिलं. एक म्हणाली, “इथंच कुठं तरी करून देत असत बाई पूर्वी.” आणि तिनं स्वतःला लावून घेतलं.

विटांखाली थोडी धग होती. भट्टीला उत्तर ठाऊक होतं, पण बोलायला वारा लागतो, आणि तो भात्याजवळ होता. तिच्यावर उभा राहून लांबमान्या तुटक्या दातानं एकेका गल्लीकडं मान वळवत विचारत राहिला, “कोण करून देईल हो? कोण?”