गल्लीचं पाणी कोण बंद करतं?

फार दूरच्या एका नगरात संगणकाचा एक पंडित राहत होता. विद्वान मोठा, पण स्वभावाने भारी संशयी. घरातली मांजर दोनदा म्याव म्हणाली, तरी हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय, असं त्याला वाटे.

राजाने त्याच्यावर नगरातल्या नळांचं काम सोपवलं. नळाखाली एकाखाली एक अशी दोन बटणं होती. वरचं दाबलं की नळ सुरू. पाईप फुटलाच, तर खालचं दाबायचं, म्हणजे साऱ्या गल्लीचं पाणी बंद. पंडिताने महिनाभर राजवाड्यातल्या दालनात बसून प्रोग्रॅम लिहिला. नळ सुरू झाले, लोक खूश झाले. पण कुंभारगल्लीचं पाणी रोज मधेच बंद पडू लागलं.

पंडिताने प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला. चूक एकही नाही. झालं! त्याच्या मनात पाल चुकचुकली. "आत सगळं चोख आहे. म्हणजे बाहेरून कुणीतरी मुद्दाम करतंय."

त्या गल्लीत एक बाई घरोघर पाणी भरून पोट भरायची. नळ आल्यापासून तिचं काम निम्म्यावर आलं होतं. पंडिताने तिचंच नाव राजाच्या कानावर घातलं.

"मी कशाला बंद करू, महाराज?" बाई हात जोडून म्हणाली. "माझीही लेकरं तहानलेलीच आहेत की."

राजा म्हणाला, "पंडित, तीन दिवसांत पुरावा आण. गुन्हा शाबीत झाला तर बाई नगराबाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंडित नळासमोरच्या पिंपळाआड दबा धरून बसला. बाई आली. तिने घागर भरली, वाकून उचलली, कमरेवर घेतली आणि वळली. वळताना घागरीचा फुगीर भाग खालच्या बटणावर टेकला. पाणी बंद! बाईला पत्ताही नव्हता.

"सापडली!" पंडित उठणार, तोच दुसरी बाई आली. तिने वरचं बटण दाबून पाणी पुन्हा सुरू केलं. तिचीही घागर तिथेच टेकली. मग तिसरीची. इतर गल्ल्यांत लोक बादल्या आणत, कुंभारगल्लीत मात्र घरोघर घागरी.

पंडिताचा चेहरा उतरला. ते बटण तिथे त्यानेच बसवलं होतं. त्याने जन्मात घागर उचलली नव्हती. त्याला पाणी लागायचं ते पेल्यात, तेही कुणीतरी हातात आणून दिलेलं. बटण गुपचूप हलवून बाईला दोषी ठरवणं सोपं होतं. क्षणभर तसं मनात आलंही, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

तो राजाकडे गेला. "महाराज, चूक माझी आहे."

राजाने डोळे बारीक केले. "बाईने काही देऊ केलं वाटतं तुला?"

"आपणच घागर भरून पाहा."

राजा नळावर आला. घागर भरली, कमरेवर घेतली, वळला. पाणी बंद! "कोण आहे रे तिकडे?" राजा ओरडला. मागे कुणीच नव्हतं. पंडिताने घागरीला टेकलेलं बटण दाखवलं. राजा ओशाळून हसला आणि बाईची सुटका झाली.

पंडिताने बटण वर, हाताजवळ घेतलं. मग त्याने राजाकडे मागणं मागितलं, "मला दालनातून काढून नळांवर नेमा. यापुढे मी प्रोग्रॅम लिहिणार नाही. लोक नळ कसा वापरतात ते पाहून तो सोयीचा करीन." दालनातले बाकीचे पंडित म्हणाले, "याला झेपेना, म्हणून पळाला."

तो रोज पिंपळाखाली उघडपणे बसू लागला. बाईचा मात्र विश्वास बसेना. एक दिवस तिने कमरेवर हात ठेवून विचारलंच, "आता कुणाला पकडायला बसलायत?"

पंडित म्हणाला, "मलाच, बाई."

तात्पर्य: आपण केलेली वस्तू अडली, तर वापरणाऱ्यावर संशय घेण्याआधी त्याच्याजवळ बसून तो ती कशी वापरतो ते पाहावं.