कुरकुर करणारा कारखाना

एका नदीकाठच्या गावात एक तांबट राहत होता. त्याचे दोन कारखाने होते, एक नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. दोन्हीकडे हंडे, घागरी त्याच आणि मजुरीही तीच. तांबटाला एक खोड होती. मनात प्रश्न आला की उत्तर मिळेपर्यंत त्याला चैन पडायचं नाही. एकदा त्याच्या मनात आलं, आपले कोणते कारागीर जास्त सुखी असतील बरं?

तो अलीकडच्या कारखान्यात गेला. "कसं चाललंय?"

"बरं चाललंय, मालक," सगळे खाली मान घालून म्हणाले.

पलीकडच्या कारागिरांनी मात्र आपलं एक मंडळ केलं होतं. तिथे विचारायचाच अवकाश! चिंचेने हंडे उजळणारी बाई मंडळाची म्होरकी होती. ती पुढे आली. "भट्टीचा धूर डोळ्यांत जातो. हातोड्यांचे दांडे सैल झालेत. आणि मालक, दुपारचं ते ताक म्हणजे नुसतं पाणी हो!"

तांबटाचे कान किटले. "हे मंडळच तुम्हाला रडायला शिकवतं! उद्यापासून मंडळ बंद. आणि एवढं दुःख असेल तर चला की अलीकडे, तिथे सगळे सुखात आहेत. बोला, कोण येतंय?"

एकही जण जागचा हलला नाही. तांबट चक्रावला. हे काय गौडबंगाल?

विचार करत तो अलीकडे परतला, तर तीन भट्ट्या थंड! पाच कारागीर न सांगता परगावी निघून गेले होते.

"अहो, सकाळी तर बरं चाललं होतं!"

एक म्हातारा कारागीर हळूच बोलला, "धूर इथेही तोच आहे, मालक. पण एकट्याने तोंड उघडायची भीती वाटते. मग माणूस गप्प बसतो आणि एक दिवस गाठोडं बांधतो."

तांबट तसाच पलीकडे धावला. "बाई, खरं सांगा. एवढी कुरकुर करता, मग सोडून का जात नाही?"

बाई हसली. "गेल्या साली आम्ही मिळून सांगितलं, तेव्हा तुम्ही छप्पर शाकारून दिलंत. विसरलात होय? इथे काही बदलतं, म्हणून तर बोलतो. जायचंच असतं तर कशाला घसा कोरडा केला असता?"

तांबट ओशाळला. मंडळ राहिलं. एवढंच नाही, अलीकडच्या कारागिरांनाही त्याने स्वतःहून मंडळ करायला सांगितलं.

आठ दिवसांनी ते सगळे मिळून आले. तक्रारी सुरू झाल्या त्या दुपार टळली तरी संपेनात. तांबटाने कपाळाला हात लावला खरा, पण त्याचं लक्ष त्या म्हाताऱ्याकडे गेलं. तावातावाने बोलता बोलता म्हातारा चक्क हसत होता. इतक्या वर्षांत तांबटाने त्याला हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

तर बाळांनो, तात्पर्य एवढंच: तक्रार ऐकू येत नाही म्हणून माणूस सुखी आहे असं समजू नये. जिथे चारजणांना मिळून, न भिता बोलता येतं, तिथेच कामात जीव रमतो.