ग्रंथकार कासव आणि मागची जागा

माणसांनी शाळा काढण्याच्या पुष्कळ आधी आमच्या तळ्याकाठी एक शाळा भरत असे आणि तिचा गुरुजी मी, एक कासव, होतो. आकाशमार्गांवर मी प्रमाणभूत ग्रंथ लिहिला होता. मी स्वतः जमीन कधी सोडली नव्हती, हा तपशील प्रस्तावनेत गाळला होता.

एका हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या हंसांच्या थव्यातली ठुमी नावाची पोर वर्गात दाखल झाली. ती सर्वांच्या मागे बसे. मागे बसणारा तो मंद, असा माझा सिद्धान्त असल्यामुळे मी तिला रोज पुढे आणीत असे. तिने खाणे सोडले. परतीच्या उड्डाणाचे बळ तिच्या पंखांत येईना, तेव्हा मी तिच्या आईला बोलावले. अर्थात, तक्रार करायला.

"गुरुजी, आमच्या थव्यात पुढचा दमला की मागे येतो," आई म्हणाली. "त्याला कुणी काही विचारत नाही. दम परतला की आपणहून पुढे जातो. तुमच्या ग्रंथात हे नाही का?"

"पुढच्या आवृत्तीत येईल. तोवर दुपारी येऊन तुम्हीच शिकवाल का?"

"येईन. पण तिला मागे बसू द्या."

आई येऊ लागली, ठुमी मागे बसून कोवळे गवत खाऊ लागली. पंधरवड्याने माझे व्याख्यान लांबले, आवाज बसला, तेव्हा ठुमी उठून पुढे आली.

"गुरुजी, तुम्ही दमलात. आता मागे बसा."

मी निघालो. मागच्या रांगेपर्यंत पोचलो, तोवर तिच्या धड्यातले हंस हिमालय ओलांडून गेले होते.