उभ्याचं माप

खिरवडीला नदीकाठी, मसणवटीच्या अलीकडे, उमेदगिरी महाराजांची झोपडी होती. ते साथीचं वर्ष. दिवस उगवला की एखादी तिरडी झोपडीवरून जायची आणि ती नजरेआड होईतो महाराज हात जोडून उभे राहायचे. गावातलं भजन बंद पडलं होतं. दारं लावून माणसं आपापल्या घरात भीत बसली होती.

भागाबाई शिंपीण महाराजांची भक्त. निजलेल्या माणसाचं माप घ्यायचं नाही, हा तिचा नेम. तिचा एकुलता एक येसू तापानं पडला, तेव्हा नव्या सदऱ्यासाठी तिनं त्याला अंथरुणावरच दोऱ्यानं मापलं. जुनी माणसं म्हणतात, आडव्याचं माप तिरडीचं. सदरा शिवून व्हायच्या आत पोर गेलं. तेव्हापासून नेम धरला, तर लोक तिला वेडी शिंपीण म्हणू लागले. म्हणोत बापडे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अशात दाजीसाहेब इनामदारांचा रंगनाथ त्याच तापानं अंथरुणाला खिळला. वैद्यांनी हात टेकले. दाजीसाहेबांनी भागाबाईला बोलावून घेतलं.

"माप घे याचं. माझा मुलगा जाईल तो नव्या कपड्यात जाईल."

"मालक, मी निजलेल्याचं माप घेत न्हाई."

"मग काय, तुझ्या नेमासाठी त्याला उभा करू? त्या गोसावड्यानं शिकवलं वाटतं हे. एवढी त्याची करणी, तर तुझं पोर का नाही राखलं त्यानं?"

भागाबाई तडक झोपडीवर आली आणि महाराजांच्या पायांशी कोसळली. "महाराज, माझ्या दोऱ्यानं माझं लेकरू गेलं. आता लोकाचं कसं मापू?"

महाराजांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बाई, साथीनं नेलं त्याला. तुझ्या दोऱ्याचा त्यात काही दोष नाही. काढ दोरा." आणि ते ताठ उभे राहिले. "माझं माप घे. लांबी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत धर."

"पोराला लई लांब होईल, महाराज."

"होऊ दे."

दिवेलागणीला सदरा तयार झाला. दाजीसाहेबांनी तो मुलाच्या अंगावर धरून पाहिला, तर घेर पार पावलांवर गेला. "साधी लांबी जमत नाही, आणि म्हणे शिंपीण," ते ओरडले. पण रंगनाथच्या आईनं सदरा ओढून घेतला आणि महाराजांचं नाव घेत लेकराला घातला. काय महाराजांची लीला! घटकाभरात पोराला दरदरून घाम फुटला, सदरा भिजून चिंब झाला. सकाळी त्यानं पेज मागितली.

दाजीसाहेब अनवाणी नदीकडे धावले, आणि बातमी ऐकून गावही दारं उघडून त्यांच्या मागोमाग निघालं. झोपडीत महाराज तापानं फणफणत पडले होते. भागाबाई कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. तो ताप पुढं उतरला, पण महाराज पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले नाहीत.

दाजीसाहेबांनी जमिनीवर डोकं टेकलं. "महाराज, बाप असून मी त्याच्या मरणाची तयारी करत होतो."

महाराज क्षीण आवाजात म्हणाले, "सदरा कापू नका. पोर वाढायचं आहे अजून. आणि दाजीसाहेब, माझ्या पाया नका पडू. हिचं लेकरू गेलं, तरी हिनं तुमच्या लेकराचं शिवलं."

दाजीसाहेब वळले आणि साऱ्या गावादेखत त्यांनी शिंपिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. भागाबाईनं पाय मागं घेतले, आणि येसू गेल्यापासून कोरडे राहिलेले तिचे डोळे त्या दिवशी वाहू लागले.