हाकेचा चढ

मरगाईच्या डोंगराला हा जो उभा चढ लागतो, त्याला हाकेचा चढ म्हणतात. जत्रेला आलेल्या पाहुण्यांना इथे हटकून एक प्रश्न पडतो. पायथ्यापासून डीजेच्या गाड्या अशा दणदणत येतात, की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. आणि ह्या वळणाशी पोचल्या, की एकेक गाडी आपला आवाज बंद करते. पोलिसांचा धाक म्हणाल, तर तो नाही. पोलीस खाली रसाच्या गाड्यावर निवांत बसलेले असतात. बसा ह्या कठड्यावर, चुळबुळ करू नका. पालखी यायला अवकाश आहे.

असे सांगतात, की ही गोष्ट गावात डीजे हा शब्दसुद्धा आला नव्हता तेव्हाची. पालखीपुढे हलगी वाजवायचा मान मसूनानांच्या घराण्याचा. चढ असा अवघड, की भोई हलगीच्या ठेक्यावर पाऊल टाकत तेव्हाच पालखी सरळ राही. मसूनानांना मुलगा नव्हता. एकच लेक, हौसा. तिला म्हणे जन्मापासून दम कसा तो नव्हता. भाकरी थापताना ठेका, धुणं आपटताना ठेका. देवळात बसली तरी बोटं खांबावर चालूच. बाईच्या हातात हलगी द्यायची रीत नव्हती, म्हणून तिने जुन्या बाजारातून फितीची दोन मोठी मशीनं आणि कर्णे आणले, आणि लग्नाकार्यात गाणी वाजवू लागली.

नाना अंथरुणाला खिळले, तेव्हा तिने त्यांची हलगी फितीवर भरून घेतली. भिंतीला टेकून नाना वाजवत होते. मध्येच, ठेका जराही न मोडता, त्यांनी हाक मारली, "हौशे, ऐकतीस न्हवं?"

हौसाने ओठांवर बोट ठेवलं. फितीवर आपला आवाज नको, म्हणून तिने ओ दिली नाही. थोड्याच दिवसांत नाना गेले. ती न दिलेली ओ तिच्या जिवाला लागून राहिली.

त्या वर्षी पालखीपुढे हलगीच्या जागी हौसाचे कर्णे लागले. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मध्ये जी शांतता पडली, तिच्यात भोयांचं पाऊल चुकलं. पालखी कलली आणि एका भोयाचा पाय मोडला. पालखीचे मानकरी जोतीराम पाटील संतापले. "मशीन बंद! फुडल्या साली परगावची हलगी आणायची," त्यांनी भर चावडीवर सांगितलं.

बापाचा मान दुसऱ्याच्या दारात जाणार, हे हौसाला सोसलं नाही. ती बायांच्या घोळक्यातून पुढे आली. "मामा, एक साल द्या. पायथ्यापास्नं देवळापतोर ठेका तुटला, तर मशीनला परत हात लावणार न्हाई. मरगाईची आण!"

मग वर्षभर तिला अन्न गोड लागलं नाही, म्हणतात. दोन मशीनं शेजारी मांडायची. एकाचं गाणं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू करायचं, आणि फिरत्या रिळावर अंगठा हलका टेकवून त्याची चाल पहिल्याच्या पावलात आणायची. शेजारणी हसत, "मशीनचं कान पिळतीया बघा!" हल्लीची पोरं ह्याला मिक्सिंग म्हणतात आणि आपणच शोधून काढल्यासारखी मिरवतात. मिरवू देत बापडी.

तिने गाणी निवडली, जोडली. चढाला किती पुरतील ते पाहायला स्वतः चढ चढून आली. तिथेच फसली. हौसा चढली ती हौसाच्या चालीने, पदर खोचून, भराभरा. पालखी थोडीच अशी जाते? दारोदारी सुवासिनी ओटी भरायला उभ्या, आणि भोई तेवढा वेळ जागच्या जागी ठेका धरून झुलत असतात. आयुष्यभर ह्याच पालखीमागून चाललेल्या बाईला त्या दिवशी घाईत तेवढंच आठवलं नाही.

जत्रेच्या दिवशी भर उन्हात पालखी ह्या वळणाशी आली, आणि हौसाच्या लक्षात आलं, की हे शेवटचं गाणं. रिळं मागे गुंडाळायला वेळ नव्हता. मशीनं आणि कर्णे जीपवर चढवलेले. मदतीला जीपचा चालक तेवढा, त्याचेही दोन्ही हात चाकावर. पिशवीत एकच फीत उरली होती, नानांची. ती तिने देवीच्या पायाशी ठेवायला म्हणून बरोबर घेतली होती.

पूर्ण लावावी, तर ती भरली तेव्हा नाना आजारी होते. मध्ये मध्ये दम खात वाजवलेलं. सलग असा एकच तुकडा, ज्यात ती हाक होती. हौसाने पातं घेतलं. क्षणभर तिचे हात थांबले. जन्मात पहिल्यांदा थांबले, असं म्हणतात. मग तिने फीत कापली, तुकड्याची टोकं जोडून गोल कडं केलं, मशीनवर चढवलं आणि आपल्याच बोटाभोवती ताणून धरलं.

गाणं सरलं आणि त्याच पावलावर कर्ण्यांतून मसूनानांची हलगी उठली. पाठोपाठ हाक आली, "हौशे, ऐकतीस न्हवं?"

अख्खा चढ शहारला. हौसाच्या तोंडून शब्द फुटेना. कडं फिरून पुन्हा हाक आली. मग मात्र ती ओरडली, "व्हय नाना, ऐकतोय!" आणि ढसाढसा रडली. पण बोट हललं नाही.

बोटावर घासून घासून फितीची तांबूस भुकटी तिच्या मनगटापर्यंत उतरत होती. हलगी विरत चालली, हाक पुसट होत चालली. बोट काढलं असतं, तर बापाचा आवाज उरला असता. तिने काढलं नाही. आवाज जसजसा बसत गेला, तसतशा ओटी भरणाऱ्या बाया पायांनी ठेका धरू लागल्या, मग बाप्ये, मग सगळा डोंगर. पालखी देवळात टेकली, तेव्हा फितीवर नुसती खरखर होती.

जोतीराम पाटील जीपपाशी आले. पागोटं काढून म्हणाले, "हौसा, ठेका तुटला न्हाई गं."

"तुटला न्हाई मामा," ती म्हणाली, "पर नाना संपलं."

मान त्या घरात राहिला. आजही कितीही मोठी डीजेची गाडी असो, ह्या वळणाला ती मुकी होते आणि पुढचा चढ पालखी माणसांच्या पायांवर चढते. गाडीवरचा माणूस खाली उतरून हाक मारतो, "ऐकतीस न्हवं?" त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. नुसते पाय वाजत राहतात. तो दुसऱ्यांदा हाक मारतो, तेव्हा सगळा डोंगर ओ देतो. तुम्हीही द्या, पण दुसऱ्या हाकेला. पहिली हौसाची आहे, ती तशीच राहू द्यायची.