बोलून दाखवलेलं मीठ

एका राज्यात अन्नाला तोटा नव्हता, पण राजाच्या जिभेला हाड नव्हतं. धवलकेतू त्याचं नाव. पोटभर वाढायचा आणि मग वाढल्याचं बोलून दाखवायचा. एकदा पंक्तीला कपर्दी मांत्रिक बसला. राजा म्हणाला, "जेवा, जेवा. आमच्या मिठाला जागा म्हणजे झालं."

कपर्दीने घास ताटात परत ठेवला. "तुझं मीठच फोडतो, राजा. अर्धं तेलात बुडेल, अर्धं विवरात दडेल. दोघं आपखुशीने एक होतील, तेव्हाच तुझ्या ताटाला चव येईल."

झालं! भात अळणी, आमटी अळणी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा अळणी. गुरं भिंती चाटू लागली. माणसांच्या पायांत गोळे येऊ लागले आणि राणीने अंथरूण धरलं. वैद्य म्हणाले, "औषध एकच, मीठ." आईचे पाय चेपत बसलेली राजकन्या चित्रांगी उठली आणि वाटेला लागली.

रानात साळुंकी भेटली. ती बोलत होती यात नवल नाही. विचारल्यावाचून सल्ला देत नव्हती, हे नवल.

चित्रांगीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तेलात बुडालेल्या रजतांगाला आण, पाण्याचा थेंब लागू न देता. विवरात दडलेल्या हरितेला आण, तिचा श्वास न घेता. मग दोघांची गाठ घाल. शेवटचं काम सोपं दिसतं, म्हणून तेच अवघड."

रजतांग तेलाच्या रांजणात बसला होता. अंग चांदीचं, पण लोण्यासारखं मऊ. "माझ्या गळ्यात एक मणी जास्त आहे," तो म्हणाला. "तो जाईतो मला चैन नाही. पाणी लागलं की मी पेटतो." चित्रांगीने रांजणावर घट्ट झाकण बसवलं आणि तो डोक्यावर घेऊन नदी ओलांडली.

हरिता विवराच्या तळाशी पिवळट हिरव्या धुरासारखी साचली होती. चित्रांगी काठावर, वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली आणि तिने दोरीने काचेची बरणी खाली सोडली. जड धूर पाण्यासारखा आत उतरला. श्वास रोखून तिने बरणी वर ओढली आणि झाकण लावलं. बरणीतून आवाज आला, "माझ्या माळेत एक मणी कमी आहे. तो शोधत मी ज्याच्या त्याच्या छातीत शिरते. माणसं मरतात. मला ते नको असतं गं."

चित्रांगीला तिची दया आली.

तिने रजतांगाच्या अंगावरचं तेल पुसलं, त्याचा मणी काढला आणि मिठाबाबत घरी शिकवल्याप्रमाणे, हातात न देता, दोघांच्या मधे दगडावर ठेवला. दगड दवाने ओला होता. भडका उडाला, दगड तडकला आणि मणी उडून पुन्हा रजतांगाच्या गळ्यात जाऊन बसला.

"असं का झालं?" तिने विचारलं.

मागोमाग येऊन फांदीवर बसलेली साळुंकी म्हणाली, "मीठ हातात दिलं की भांडण होतं, म्हणून तुम्ही ते खाली ठेवता. पण राजकन्ये, हे अजून मीठ झालेलं नाही! हे त्याचं त्यालाच देऊ दे. हातात हात."

"दिल्यावर मी उरेन?" रजतांगाने विचारलं.

"नाही. तीही उरणार नाही."

रजतांगाने बरणीचं झाकण काढलं आणि मणी हरितेच्या हातावर ठेवला. "घे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, उपकार सांगितला नाही. पिवळी ज्वाळा उठली, पांढरा धूर झाला, आणि धूर बसला तेव्हा तिथे पांढरीशुभ्र रास होती. ना आग, ना विष. चित्रांगीने चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तिला रडू आलं. अश्रू खारट होते.

राज्यातल्या मिठागरांत पुन्हा ढीग लागले. मीठ घातलेली पेज पिऊन राणी उठून बसली. लेकीने सगळी हकीगत सांगितली, तशी राजाने मान खाली घातली.

मग त्याने कपर्दीला सन्मानाने जेवायला बोलावलं. ताटात सगळ्यांत आधी, स्वतःच्या हाताने, मीठ वाढलं. पंगत राजाच्या तोंडाकडे पाहू लागली. जुन्या खोडीने जीभ वळवळली. राजाने ती आवरली, हात जोडले आणि म्हणाला,

"सावकाश होऊ द्या."